कादंबरी पूर्ण होण्याआधी वाचकांसमोर ठेवावी का?

विणकरवाडा

सर्वांना नमस्कार.

मी एका कादंबरीवर काम करते आहे. सोलापुरातल्या तेलुगूभाषक पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या बायका हा तिचा विषय आहे. आजी हातमागाच्या काळातली, आई विड्या वळून संसार ओढणारी आणि मुलगी शिकून पुण्यात नोकरीला लागलेली. तीन भाग योजले आहेत. पहिला लिहून झाला आहे, दुसरा निम्म्यावर आला आहे आणि तिसऱ्याचा शेवट कुठे व्हावा एवढेच ठाऊक आहे.

पहिल्या भागातली काही प्रकरणे मी वाचनाच्या एका ॲपवर दर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसिद्ध केली. वाचक मिळाले, आपुलकीने लिहिणारे मिळाले, आणि एकटीने लिहिताना जो हुरूप टिकवणे जड जाते तो त्यांच्यामुळे टिकला, हे कृतज्ञतेने नोंदवते. मात्र हळूहळू त्याचा परिणाम लिहिण्यावर दिसू लागला. पुढच्या आठवड्याची उत्कंठा राहील अशा जागी मी प्रकरण थांबवू लागले. आईने नवऱ्याचे घर सोडावे असे बहुतेक वाचकांना फार मनापासून वाटते. माझ्या मनातली आई घर सोडत नाही. ती का सोडत नाही याचाच शोध ही कादंबरी घेते. असे असूनही दुसऱ्या भागात आई आणि वडील यांचे एक मोठे भांडण लिहून झाले, जे मूळ आराखड्यात नव्हते. ते प्रकरण वाईट उतरलेले नाही. पण ते आईच्या स्वभावातून आले की वाचकांच्या आग्रहातून, याचा निवाडा मला करता येत नाही.

त्यातच एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कादंबरीतला अंश मागितला आहे. म्हणून येथील लिहित्या आणि वाचत्या मंडळींना विचारते, की अपुरे लेखन वाचकांना दाखवावे का, दाखवायचे तर कोणाला आणि कोणत्या टप्प्यावर, आणि आलेल्या अभिप्रायांपैकी काय घ्यावे व काय सोडावे हे आपण कसे ठरवता?

जुनी पाने

विणकरवाडा, आपला विषय वाचूनच आनंद झाला. सोलापूरच्या या घरांबद्दल मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे.

आपली अडचण ॲपमुळे निर्माण झालेली दिसते, पण ती ॲपइतकी नवी नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि पुढे पाव शतकाहून अधिक काळ चालवले. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या क्रमशः वाचकांपुढे आल्या; यमूची कहाणी सांगणारी ‘पण लक्षात कोण घेतो!’ हीसुद्धा ‘करमणूक’मधूनच आली. लेखकही तेच आणि संपादकही तेच, त्यामुळे दर आठवड्याला मजकूर द्यायचा, आणि तो देताना शेजारी बसून ‘हे लांबते आहे’ असे सांगणारे कोणी नाही, अशी ती व्यवस्था होती. तिचे बरेवाईट दोन्ही परिणाम त्यांच्या लेखनावर दिसतात. पाल्हाळ दिसतो, काही कादंबऱ्या तर अपूर्णच राहिल्या. पण यमू जशी आपल्याशी बोलते, मध्येच थांबते, मागचे आठवून पुन्हा सांगू लागते, तो विश्वासाचा सूर आठवड्यामागून आठवडे त्याच वाचकांना भेटत राहण्यातूनच पिकला असावा, असे मला ती कादंबरी प्रत्येक वेळी वाचताना वाटते.

इंग्लंडात चार्ल्स डिकन्स यांनी तर आयुष्यभर हप्त्यांनीच लिहिले. ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ मध्ये मासिक भागांत निघाली, आणि तेव्हापासून अखेरच्या अपुऱ्या कादंबरीपर्यंत त्यांनी ही पद्धत सोडली नाही. त्यांच्या बाबतीतल्या दोन घटना आपल्या प्रश्नाला थेट भिडतात.

पहिली ‘डेव्हिड कॉपरफील्ड’च्या वेळची. त्या कादंबरीत मिस मॉचर नावाची बुटकी, बडबडी आणि काहीशी कपटी वाटावी अशी बाई येते. तिचे प्रकरण छापून आल्यावर डिकन्स यांच्या ओळखीतल्या, तशाच शरीरयष्टीच्या एका बाईंनी त्यांना १८४९ च्या डिसेंबरात पत्र लिहून आपली बदनामी झाल्याचे कळवले. डिकन्स यांनी पुढच्या भागात ते पात्र वळवले आणि तिला भल्या मनाची दाखवले. माणूस म्हणून त्यांनी योग्यच केले. परंतु कादंबरीत आजही तो सांधा दिसतो, कारण आधीचे प्रकरण छापून लोकांच्या हाती गेलेले होते आणि ते मागे घेता येत नव्हते. क्रमशः प्रसिद्धीची खरी किंमत मला येथे दिसते. लेखकाला पुढचे बदलता येते, मागचे नाही. आणि कादंबरी लिहिताना बहुतेक वेळा मागचेच बदलावे लागते.

दुसरी ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’च्या वेळची, म्हणजे १८६१ मधली. शेवटचे प्रकरण छापण्यापूर्वी डिकन्स यांनी ते आपले कादंबरीकार मित्र बुलवर-लिटन यांना वाचायला दिले. मूळ शेवटात नायक-नायिका कायमची दुरावतात. मित्राच्या सांगण्यावरून डिकन्स यांनी तो बदलला आणि दोघे एकत्र येतील अशी आशा ठेवली. मूळ शेवट पुढे त्यांचे चरित्रकार जॉन फॉर्स्टर यांनी छापला, आणि दोहोंपैकी सरस कोणता यावर अभ्यासक अजूनही वाद घालतात. मला मूळचाच अधिक खरा वाटतो. ही सूचना हजारो वाचकांची नव्हती, एका जाणत्या मित्राची होती. तेव्हा खाजगीत दाखवले म्हणजे धोका टळला, असेही समजण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. डिकन्स प्रवाहपतितासारखे लिहीत नव्हते. निदान त्यांच्या उत्तरकाळात ते प्रत्येक भागासाठी वेगळ्या कागदावर टिपणे करत, त्यांत अमुक पात्र या भागात आणावे की पुढे ढकलावे असे स्वतःलाच प्रश्न विचारत आणि खाली उत्तर लिहीत. ही टिपणे उपलब्ध आहेत. वाचकांच्या इतक्या गलबल्यात राहूनही त्यांची कादंबरी त्यांच्या हातात राहिली, याचे मोठे श्रेय मी त्या कागदांना देतो. आपल्याकडे पहिल्या भागाचा आराखडा आहे असे दिसते. दुसऱ्याचा कितपत तपशिलात आहे?

माणदेश

वरील माहिती मोलाची आहे, पण माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो. पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत कोणालाही काही दाखवू नये. जाणकाराला नाही, मित्राला नाही, घरच्यांनाही नाही.

भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ आपल्या गावी, खानदेशातल्या सांगवीला बसून, अल्पावधीत सलग लिहून काढली, आणि रा. ज. देशमुख यांनी ती १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याची ती तुटक, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांनी भरलेली भाषा दर आठवड्याला एकेक प्रकरण करून लोकांपुढे आली असती आणि प्रत्येक प्रकरणाखाली अभिप्राय पडले असते, तर काय झाले असते याची कल्पना करून पाहा. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी वाक्ये नीट लिहा म्हणाले असते. दुसऱ्या आठवड्यात कथानक कुठे आहे असे विचारले गेले असते. पंचविशीतल्या लेखकाने ते मनावर घेतले नसते असे म्हणणे सोपे आहे. पण नवी शैली ही सुरुवातीला लेखकालाही पुरती पटलेली नसते, आणि नेमक्या त्याच काळात ती इतरांना दाखवली तर ती जुन्या वळणावर जाते. पेरलेले रोज उकरून पाहिले तर कोंब धरत नाही, असे आमच्याकडची म्हातारी माणसे सांगतात.

आपल्या बाबतीत मला भाषेचीच काळजी वाटते. सोलापूरच्या तेलुगूभाषक घरातली मराठी ही पुण्याच्या मराठीसारखी नाही, आणि ॲपवरचा वाचक राज्यभरातला आहे. संवाद कळत नाहीत, असे अभिप्राय आपल्याला आले असतील असा माझा अंदाज आहे. ते वाचून आपण संवाद सोपे केले असतील, तर भांडणाच्या त्या प्रकरणापेक्षा ते नुकसान मोठे समजावे. भांडण काढून टाकता येते. उजळून गुळगुळीत केलेली बोली पुन्हा मूळ जागी आणणे फार कठीण असते.

हुरूप टिकण्याविषयी आपण लिहिले आहे ते मात्र मी हलके मानत नाही. नोकरी आणि घर सांभाळून वर्षानुवर्षे एकट्याने लिहिणे कसे असते हे मला ठाऊक आहे. परंतु हुरूप मिळवण्यासाठी कादंबरीच दाखवायला हवी असे नाही. त्या काळात एखादी कथा लिहावी, लेख लिहावा, तो वाचकांना द्यावा, आणि कादंबरी कपाटातच राहू द्यावी.

टेबलामागून

मी बराच काळ प्रकाशनव्यवसायात हस्तलिखिते वाचण्याचे आणि संपादनाचे काम केले आहे. वरच्या दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण प्रश्न विचारणाऱ्या लेखिकेने प्रकरणे आधीच प्रसिद्ध केलेली असल्यामुळे आता पुढे काय करता येईल यावर अधिक लिहितो.

मराठीत लेखकाचे अपुरे लेखन वाचणारी एक भक्कम व्यवस्था होती, ती संपादकांची. ‘सत्यकथा’ हे मासिक १९८२ मध्ये बंद पडेपर्यंत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांशी दीर्घ चर्चा करून, पत्रे लिहून, पुन्हा पुन्हा लिहायला लावून कितीतरी लेखन घडवले. त्या चर्चेत संपादक सहसा ‘असे करा’ म्हणत नसत. ‘येथे मला असे वाटले, तुम्हाला तेच अभिप्रेत आहे का?’ असे विचारत. त्या पिढीतल्या लेखकांच्या आठवणी वाचताना मला हे सतत जाणवले. ती व्यवस्था विरळ झाली आणि तिची जागा एकीकडे अनोळखी वाचकांच्या झटपट अभिप्रायांनी, तर दुसरीकडे ‘छान लिहिले आहेस’ म्हणणाऱ्या स्नेह्यांनी घेतली. या दोहोंच्या मध्ये आपल्याला स्वतःची जागा करून घ्यावी लागेल.

वाचकाला काय जाणवले आणि त्यावर त्याने काय उपाय सुचवला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाणवलेले जवळजवळ नेहमी खरे असते. उपाय बहुतेक वेळा कामाचा नसतो. आईने घर सोडावे हा उपाय झाला. त्यामागचे जाणवणे कदाचित असे असेल, की आई घरात राहते याचे कारण कादंबरीत अजून पुरेसे उतरलेले नाही. वाचकाला तिचे सोसणे दिसते, पण त्या घरात तिला धरून ठेवणारे काय आहे ते दिसत नाही. तसे असेल तर तिला बाहेर काढून प्रश्न सुटणार नाही आणि भांडण घालूनही सुटणार नाही. ज्या प्रकरणांत ती शांतपणे काम करताना दिसते, त्या प्रकरणांत ते कारण यावे लागेल.

भांडणाचे प्रकरण कोणाचे, हे ठरवण्यासाठी मी लेखकांना एक साधे काम सांगतो. ते प्रकरण हस्तलिखितातून बाजूला ठेवावे आणि त्याच्या आधीचे व नंतरचे सलग वाचावे. नंतरच्या प्रकरणांत आई तेच बोलते, तसेच वागते, जणू काही घडलेच नाही, अशी असेल तर ते भांडण कादंबरीने मागितलेले नव्हते. उलट तिच्या वागण्यात एखादी न सांगितलेली गोष्ट राहून गेल्यासारखी वाटत असेल, तर ते प्रकरण तिचेच आहे, मग ते सुचण्याचे निमित्त कोणीही असो. निमित्ताबद्दल लेखकाने अपराधी वाटून घेऊ नये.

कोणाला दाखवावे, याविषयी माझे मत ठाम आहे. पूर्ण झालेला खर्डा तीन किंवा चार माणसांना द्यावा, आणि ती एकमेकांसारखी नसावीत. एक भरपूर कादंबऱ्या वाचणारा असावा, एक त्या जगात प्रत्यक्ष राहिलेला असावा, आणि एक असा असावा ज्याला आपल्याला खूश करण्याची गरज नाही. छापील प्रत द्यावी आणि सोबत पेन्सिल द्यावी. ‘कशी वाटली?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर सौजन्याने दिले जाते. वाचताना पुस्तक खाली कुठे ठेवले, कुठे पाने चाळली, कोणाचे नाव विसरायला झाले, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावे लागले, हे विचारावे. चौघांपैकी तिघांनी एकाच पानावर खूण केली असेल, तर कारणे वेगवेगळी सांगितली तरी त्या पानाकडे बघावे.

प्रकरणांच्या शेवटी उत्कंठा ठेवण्याच्या सवयीबद्दल एवढेच सांगतो, की तिची आता काळजी करू नका. तीनही भाग झाल्यावर प्रकरणांची शेवटची पाने एकामागोमाग वाचून काढा. एकाच ठेक्यात संपणारी प्रकरणे तेव्हा लगेच कानाला खटकतील, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी शेवटचा एक परिच्छेद गाळला की काम होते.

विणकरवाडा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. माणदेश, आपला अंदाज बरोबर आहे. संवाद कळत नसल्याचे अभिप्राय आले होते, परंतु ते मी बदललेले नाहीत. जुनी पाने, दुसऱ्या भागाचा तपशीलवार आराखडा नाही. तो आता करायला घेते.

‘त्या जगात प्रत्यक्ष राहिलेला वाचक’ हे वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली. माझ्या ओळखीच्या काही विडी कामगार बायकांना मी दुसऱ्या भागातले एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवले होते. त्या ऐकताना मांडीवरच्या सुपात विड्या वळतच होत्या. त्या प्रकरणात आई विड्या घेऊन कारखान्यात जाते आणि तपासणारा तिच्या विड्यांतून छाट काढतो, म्हणजे खराब ठरवलेल्या विड्या बाजूला काढतो, असा प्रसंग आहे. छाटीच्या अपमानावर मी बरीच पाने लिहिली होती. बायकांनी ती लक्ष देऊन ऐकली, पण त्या बोलू लागल्या त्या विडीच्या पानाबद्दल. कारखान्यातून मिळणारे तेंदूपान खराब निघाले की त्यात हजार विड्या भरत नाहीत, मग तूट भरून काढायला बाजारातून स्वतःच्या पैशाने पान विकत आणावे लागते, आणि आठवड्याच्या हिशेबात तो पैसा कुठेच दिसत नाही. अपमान रोजचा असतो, पण मन जळते ते या पैशासाठी, असे त्यांच्यातल्या वयाने मोठ्या बाईंचे म्हणणे होते. घरात न दिसणारा खर्च हा आई-वडिलांमधल्या अबोल्याचा धागा होऊ शकतो हे मला त्या दुपारी सुचले.

दुसरी गोष्ट आपल्या उत्तरामुळे आज नव्याने लक्षात आली. आई घर का सोडत नाही, असे मी त्यांना सहज विचारले होते. त्यांना तो प्रश्नच चमत्कारिक वाटला. सोलापूरजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांच्या सहकारी संस्थेची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तिथली घरे बायकांना मिळाली, हे सोलापुरात सर्वांना माहीत आहे. घर बाईचे असेल तर ती कशाला जाईल, जायचे तर त्याने जावे, असे त्या म्हणाल्या. माझ्या कादंबरीचा दुसरा भाग नेमका त्याच वर्षांत घडतो. ॲपवरच्या वाचकांनी ज्या घरातून आईला बाहेर काढायचे म्हटले, ते घर कोणाचे हे मी कुठेच लिहिलेले नाही. ते लिहायचे ठरवले आहे, आणि भांडणाचे प्रकरण तूर्त बाजूला काढून ठेवते आहे. ॲपवर पुढची प्रकरणे टाकणेही थांबवते; तिथल्या वाचकांना तसे कळवीन.

आता दिवाळी अंकाचे तेवढे राहिले. अंश द्यावा का, आणि द्यावा तर कोणता?

टेबलामागून

जरूर द्यावा. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचक नवे लेखन प्रथम दिवाळी अंकांत वाचत आला आहे, आणि आपल्या कादंबरीचा प्रकाशकही कदाचित तिथेच तो अंश वाचेल. फक्त तीन गोष्टी आधी पक्क्या करून घ्या.

ॲपवर आलेले प्रकरण देऊ नका. बहुतेक संपादकांना पूर्वप्रसिद्ध मजकूर चालत नाही, आणि ऑनलाइन प्रसिद्धी हीसुद्धा प्रसिद्धीच धरली जाते. अप्रकाशित लेखनासाठीच्या स्पर्धा आणि पुरस्कारांच्या बाबतीतही हीच अडचण येते, म्हणून ॲपवर काय काय आले याची यादी जवळ ठेवा आणि प्रकाशकाशी बोलताना ती आपणहून सांगा. ॲपवर नाव नोंदवताना मान्य केलेल्या अटी पुन्हा वाचा. मजकुरावर त्यांना कोणता परवाना दिला आहे आणि तो काढून घेता येतो का, हे त्यात लिहिलेले असते. प्रताधिकार (कॉपीराइट) आपलाच आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो लेखन करताच लेखकाकडे येतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. अंकाच्या संपादकांकडून मात्र एवढे लेखी घ्या, की परवानगी त्या एका अंकापुरती आहे आणि पुस्तकाचे हक्क आपल्याकडे राहतील. अंशाखाली ‘आगामी कादंबरीतील एक प्रकरण’ अशी ओळ छापायला सांगा.

प्रकरण कोणते, याबद्दल पहिले देऊ नका असे सुचवतो. पहिल्या प्रकरणावर पुढे सर्वांत जास्त पुनर्लेखन होते, आणि छापून गेलेल्या मजकुरावर हात चालवायला लेखक कचरतो. शेवटाजवळचेही नको. विडी कारखान्याचे आपण वर सांगितलेले प्रकरण पानाच्या पैशाचा तो हिशेब घालून पुन्हा लिहिलेत, तर ते कादंबरीबाहेरही उभे राहील असे मला वाटते. त्यातले संवाद आहेत तसेच ठेवा आणि तळटीपा देऊ नका. संपादकांनी मागितल्या तर आधी त्यांना तो अंश मोठ्याने वाचून दाखवा.